कडू नव्हे, तुरट

(इंदूरमधल्या एका मराठी वाचनालयात जानेवारीत झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, तुमच्यासमोरच्या बशीत डार्क चॉकलेटचे चार तुकडे आहेत. डावीकडचा पहिला उचला. तो साधा आहे, ७० टक्के कोकोचा. चावू नका. देवळात प्रसादाची खडीसाखर मिळते ना, तशी जिभेवर ठेवा आणि थांबा. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा जरासं खाली. आज तुम्ही सगळे शाली पांघरून आला आहात, तुकडाही गारठलेला आहे. त्याला जरा वेळ द्या.

काकू म्हणाल्या, कडू आहे. थोडं कडू आहेच. पण हिरडीला, गालाच्या आतल्या बाजूला काय होतंय ते बघा. जीभ ओढल्यासारखी होते ना? हे तुरट. जांभळं खाऊन जीभ जांभळी व्हायची, तेव्हा तोंडात हेच व्हायचं. आवळ्यातही हेच. आपल्या षड्रसांत कडू वेगळा, तुरट वेगळा. ज्या भाषेत तुरटाला स्वतःचं नाव आहे, त्या भाषेच्या माणसाने डार्क चॉकलेटला नुसतं कडू म्हणून सोडून देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

कारण कोको हेही फळच. केरळात इडुक्कीच्या एका बागेत मी ते फोडलेलं पाहिलं. जाड साल, आत पांढऱ्या गराने वेढलेल्या बिया, दिसायला थेट सीताफळासारख्या. गर चोखला तर आंबटगोड, लिचीची आठवण करून देणारा. त्या बिया गरासकट पाच-सहा दिवस आंबवतात. गरातल्या साखरेचं आधी मद्य होतं, मग व्हिनेगरचं आम्ल, आणि ते बीत मुरतं. पुढे वाळवणं, भाजणं, वाटणं. १८७९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये रोडोल्फ लिंट यांनी चॉकलेट तासन् तास घोटायचं यंत्र काढलं. त्या घोटण्यात पोत मऊ होतो आणि बरंचसं उग्र आम्ल उडून जातं. बरंचसं, सगळं नाही. जे उरतं, त्याच्याशी बाहेरून घातलेल्या फळाची गाठ पडते.

आता दुसरा, संत्र्याचा. आधी नाक चिमटीत धरा, मग तुकडा तोंडात ठेवा. गोड लागतंय, तुरट लागतंय, संत्रं कुठेच नाही. आता नाक सोडा. आलं? संत्र्याचं संत्रंपण बहुतेक वासातच असतं, आणि तो वास सालीच्या तेलात. लहानपणी आपण साल एकमेकांच्या डोळ्यांसमोर पिळायचो, डोळे चुरचुरायचे, तेच तेल. तेल कोको बटरमध्ये सहज मिसळतं. रस मिसळत नाही.

हे मला घरी कळलं. वितळलेल्या चॉकलेटमध्ये मी जांभळाचा ताजा रस घातला, अगदी दोन चमचे. डोळ्यांदेखत त्या चकचकीत पातळ चॉकलेटचा ओल्या वाळूसारखा गोळा झाला. थोडंसं पाणी गेलं की साखरेचे कण एकमेकांना चिकटतात. मला फार वाईट वाटलं होतं, ती जांभळं मोसमातली शेवटची होती. म्हणून तिसऱ्या तुकड्यातली रासबेरी गोठवून, निर्वातात सुकवलेली आहे. बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते आणि फळ कुरकुरीत राहतं. हा मात्र हळूच चावा. आधी चॉकलेट, मग एकदम लखलखीत आंबट. आंबटाला आंबट भेटलं की दोन्ही उजळतात. वेष्टणावर फळाचं नाव न दिसता नुसतं 'फ्लेवर' लिहिलेलं असेल, तर ही भेट होत नाही. वास येतो, पण आंबटपणा मागे उरत नाही.

एक घोट कोमट पाणी प्या. गार नको, जिभेवरचं कोको बटर जात नाही त्याने. आणि चौथा घ्या. सावकाश.

कोणतं फळ? मागून आवाज आला, चेरी. इकडे म्हणतायत लाल मनुका. आजोबा म्हणतात, करवंद. करवंद मला फार आवडलं.

हे वेष्टण वाचून दाखवते: कोको आणि साखर. बस. फळ घातलेलंच नाही. बिया मादागास्करच्या आहेत, तिथल्या सांबिरानो खोऱ्यातल्या. तुम्हाला लागलं ते फळ बीचंच आहे. बशीत अजून अर्धा तुकडा असेल, आता तो पुन्हा जिभेवर ठेवा.