दख्खनच्या कातळातला हिरवा रंग : सेलॅडोनाइट

सह्याद्रीतल्या घाटरस्त्यासाठी फोडलेला कातळ किंवा विहिरीच्या खोदकामातून वर आलेला दगड जवळून पाहिला, तर त्याच्या काळ्या-करड्या अंगावर अनेकदा लहान-मोठ्या पोकळ्या दिसतात आणि त्यांच्या आतल्या बाजूला निळसर हिरव्या मातीचे पातळ अस्तर आढळते. शेवाळासारखे भासणारे हे अस्तर बहुधा सेलॅडोनाइट या सिलिकेट खनिजाचे असते.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. लाव्हा थिजताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्यातले लोह, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि सिलिका आपल्याबरोबर नेले व तुलनेने कमी तापमानात या पोकळ्यांमध्ये नवी खनिजे तयार झाली. सेलॅडोनाइट पुष्कळदा त्यांतील सर्वांत आधीचे असते. म्हणून ते पोकळीच्या भिंतीला चिकटलेले दिसते आणि क्वार्ट्‌झ, स्टिल्बाइट, हूलँडाइट यांचे स्फटिक त्याच्यावर वाढलेले असतात. संग्राहकांची नजर या चमकदार स्फटिकांवर खिळते हे स्वाभाविक आहे, परंतु महाराष्ट्रातल्या काही हूलँडाइटांना लाभलेली हिरवी छटाही त्यांच्यात अडकलेल्या सेलॅडोनाइटच्या कणांचीच देणगी आहे.

हे खनिज अभ्रकाच्या कुळातले आहे. सिलिकेच्या दोन थरांमध्ये लोह व मॅग्नेशियमचा एक थर, आणि अशा जुडग्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारे पोटॅशियमचे अणू, अशी त्याची रचना असते. त्याचे कण इतके बारीक असतात की अभ्रकाची चकाकी त्यात दिसत नाही. हाताला ते मातीसारखे लागते आणि मोहस् मापनश्रेणीवर त्याची कठिनता 2 च्या आसपास असल्याने नखानेही ओरखडते. हिरवा रंग येतो तो लोहामुळे. खनिजात लोह दोन वेगवेगळ्या अवस्थांमध्ये शेजारी-शेजारी असते, त्यांच्यात इलेक्ट्रॉनची देवघेव होताना तांबड्या बाजूचा प्रकाश शोषला जातो आणि आपल्यापर्यंत हिरवट प्रकाश पोचतो. खनिज चांगले तापवले, तर लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन तेच तपकिरी होते.

ग्लॉकोनाइट हे त्याचे जवळचे भावंड समुद्रतळावरच्या गाळात तयार होते. या दोन्ही खनिजांची भुकटी 'हिरवी माती' म्हणून रंगकामात वापरली गेली. उन्हाने न विटणे आणि चुन्याच्या संपर्कात न बिघडणे, हे तिचे दोन गुण भित्तिचित्रकारांसाठी फार मोलाचे होते. रोमन चित्रकारांनी ती भिंतींवर वापरली. इटलीतल्या व्हेरोनाजवळच्या मोंते बाल्डो डोंगरातली हिरवी माती शतकानुशतके नावाजलेली होती. मध्ययुगीन इटालियन चित्रकार चेहरा रंगवताना आधी या मातीचा थर देत आणि त्यावर गुलाबी छटा चढवत. वरचा थर झिजला, की खालची हिरवी माती उघडी पडते, आणि म्हणूनच त्या काळातले काही चेहरे आज हिरवट दिसतात. तेलात मात्र ही भुकटी बरीच पारदर्शक होते व फिकी पडते.

आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे उदाहरण अजिंठ्याचे आहे. तिथल्या चित्रांचे रासायनिक परीक्षण झाले तेव्हा हिरव्या रंगात हीच हिरवी माती आढळली. निळ्या रंगासाठी वापरलेला लाजवर्द दूर अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून येत असे. हिरव्यासाठी लागणारे खनिज मात्र ज्या प्रकारच्या कातळात लेणी कोरली, त्याच कातळात मिळते. माझ्या मते या चित्रांविषयी बोलताना ही गोष्ट आवर्जून सांगितली गेली पाहिजे.

तरीही अजिंठ्यात अनेक ठिकाणी हिरवा रंग मळकट, पिवळसर दिसतो. त्याचा दोष खनिजाकडे जात नाही. 1920 च्या दशकाच्या आरंभी, निजामाच्या राजवटीत, इटालियन तज्ज्ञांनी चित्रांच्या रक्षणासाठी लाखेचा लेप दिला होता आणि तो लेपच काळाच्या ओघात पिवळा व काळपट पडला. धूळ, काजळी आणि वटवाघळांची विष्ठा यांनी त्यात भर घातली. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी योग्य द्रावके वापरून हे थर अत्यंत सावकाश काढण्याचे काम हाती घेतले. मातीच्या गिलाव्यावर रंग जेमतेम धरून असल्याने हे काम चित्राच्या अगदी लहान लहान तुकड्यांवरच करावे लागते.