मातीविना पहिले वर्ष

मित्रहो,

नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत पेरलेले गहू नऊ दिवसांत वीतभर वाढतात, फडक्यात बांधलेल्या मटकीला रात्रीतून मोड येतात आणि पेल्याच्या तोंडावर ठेवलेला कांदा पाण्यात मुळे सोडतो. हे सारे लहानपणापासून पाहिलेले असल्यामुळे पाण्यावर भाजी वाढवणे फारसे अवघड नसावे, अशी माझी समजूत होती. ती कोठे अपुरी पडली, हेच आज मला आपल्यापुढे मांडायचे आहे. रुजणारे बी आपली शिदोरी सोबत घेऊन येते. पहिले आठ-दहा दिवस ते तिच्यावरच जगते आणि पाहणाऱ्याला वाटते की पाणीच त्याला पोसते आहे. ती शिदोरी संपली की रोपाला जे जे लागते ते एरवी माती पुरवत असते, आणि माती काढून घेतली की तिचे प्रत्येक काम आपल्या हाती येते. ही कामे किती आहेत, हे मला एकेक पीक बिघडल्यावर कळत गेले.

आमचे घर कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर आहे. पूर्वेकडच्या गॅलरीत सकाळी चार तास ऊन येते. टोमॅटो-मिरचीला ते कमी पडते, पण पालेभाजीचे भागते, म्हणून पालक, लेट्यूस आणि पुदिना ही तीनच पिके मी निवडली. नळ्यांमधून पाण्याची पातळ धार सतत खेळवण्याची पद्धत देखणी असते. परंतु वीज गेली आणि पंप थांबला की भर उन्हात मुळे काही तासांत सुकतात. त्यामुळे अमेरिकेतल्या हवाई बेटांवरील विद्यापीठाचे बी. ए. क्रॅट्की यांच्या नावाने ओळखली जाणारी, विजेवाचून चालणारी पद्धत मी पत्करली. वीस लिटरचा झाकणाचा डबा, झाकणाला पाडलेली सहा भोके, प्रत्येक भोकात जाळीचा कप, कपात कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा आणि डब्यात खत विरघळवलेले पाणी, एवढाच तिचा पसारा आहे.

पहिली चूक खताची झाली, आणि तिच्याविषयी मी थोडे सविस्तर बोलणार आहे, कारण नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण याच वाटेने जातात. सांगलीकडे माझ्या धाकट्या भावाची शेती आहे. तो ठिबकमधून जे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी एकोणीस टक्के) हे विद्राव्य खत सोडतो, त्याचीच एक पुडी मी आणली आणि पाण्यात विरघळवली. तीन आठवड्यांत पालकाची वाढ खुंटली, आणि लेट्यूसची कोवळी पाने कडेने करपून आत वळू लागली. कारण शोधताना दोन गोष्टी उमगल्या. त्या खतातील नत्राचा निम्म्याहून मोठा भाग युरियाच्या रूपात असतो. जमिनीत जिवाणू युरियाचे रूपांतर आधी अमोनियात आणि मग नायट्रेटमध्ये करतात आणि मुळे तो नत्र सहज उचलतात. माझ्या डब्यातल्या स्वच्छ पाण्यात ते जिवाणू जवळपास नव्हतेच. दुसरे म्हणजे त्या खतात कॅल्शियम मुळीच नसते. भावाच्या जमिनीत ते भरपूर असल्याने त्याला वेगळे घालण्याची गरज क्वचितच भासते. कॅल्शियम झाडात फक्त वर चढणाऱ्या पाण्याबरोबर वाहते आणि एकदा जुन्या पानात बसले की तेथून नव्या पानाकडे जात नाही, म्हणून टंचाई सर्वांत आधी कोवळ्या पानांच्या कडांवर दिसते. पुडीत दोष काहीच नव्हता, ती मातीसाठी बनवलेली होती.

कर्ब, हायड्रोजन आणि ऑक्सिजन हवा-पाण्यातून मिळतात. उरलेली चौदा अन्नद्रव्ये मुळांना द्यावी लागतात. ती सगळी एकाच बाटलीत दाट करून ठेवता येत नाहीत, कारण कॅल्शियम आणि सल्फेट किंवा फॉस्फेट दाट द्रावणात एकत्र आले की पांढरा साका तळाशी बसतो आणि तो मुळांच्या उपयोगाचा राहत नाही. म्हणून हायड्रोपोनिक्सचे, म्हणजे मातीविना पाण्यावर घेतलेल्या पिकांचे, खत दोन बाटल्यांत मिळते: एकीत कॅल्शियम नायट्रेट आणि बहुधा चिलेटेड (पाण्यात विरघळलेलेच राहील असे बांधलेले) लोह, दुसरीत बाकीचे. डबा आधी पाण्याने भरावा, एक बाटली मापून घालून ढवळावी आणि मगच दुसरी घालावी. द्रावणाची तीव्रता ईसी मीटरवर, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता मोजणाऱ्या मीटरवर, पाहावी. पालेभाजीसाठी मी ती १.२ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या आसपास ठेवते.

हा सारा शोध तसा जुना आहे. इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्ड यांनी पुदिन्याच्याच जातीची रोपे वेगवेगळ्या पाण्यांत वाढवून पाहिली आणि १६९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पावसाच्या पाण्यापेक्षा थेम्स नदीच्या पाण्यात आणि त्याहून बागेतली माती कालवलेल्या पाण्यात रोपे अधिक वाढली. ते ‘अधिक’ म्हणजे नेमके काय, हे १८६० च्या सुमारास युलियस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी क्षारांची द्रावणे बनवून दाखवले. कॅलिफोर्नियात विल्यम गेरिक यांनी मोठ्या टाक्यांवर टोमॅटो घेतले आणि १९३७ मध्ये ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द रूढ केला. आपल्या देशात १९४६ च्या सुमारास कालिंपाँगला शोल्टो डग्लस यांनी वाळू-खडीच्या वाफ्यांत असे प्रयोग केले होते.

खत सुधारल्यावर दुसऱ्या खेपेचा पालक जोमाने वाढला. पाच आठवड्यांत डब्यातील पाणी निम्म्यावर आले, तेव्हा मी काळजीपोटी डबा पुन्हा काठोकाठ भरला. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी रोपे माना टाकून होती. वीस लिटर पाण्यात उभी असलेली रोपे तहानेने कोमेजावीत तशी ती दिसत होती, आणि ते पाहून मला खरोखर वाईट वाटले. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. क्रॅट्की पद्धतीत पाणी उतरत जाते तसा झाकणाखाली ओलसर हवेचा थर तयार होतो, आणि त्या थरातली वरची मुळे हवेतून ऑक्सिजन घेऊ लागतात. पाण्यात बुडालेली खालची मुळे पाणी आणि अन्न उचलतात. वरच्या मुळांची घडण हवेसाठी झालेली असताना मी त्यांना बुडवले होते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, ती ओल आणि हवा यांची सांगड माती स्वतःच राखते. डब्यात तिची जागा त्या रिकाम्या थराने घेतलेली असते. आता पाणी घालायची वेळ आलीच तर मी फक्त दोन-तीन बोटे पातळी वाढवते आणि वरचा थर मोकळा ठेवते.

फेब्रुवारीत नळाचे पाणी कमी झाले आणि इमारतीच्या बोअरचे पाणी डब्यात गेले. पंधरा दिवसांत नवी पाने पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्या राहिल्या. फोटो पाहून भाऊ म्हणाला, “ताई, हा तर केवडा पडलाय. आमच्या चुनखडीच्या रानात उसावर असाच पडतो.” त्याचे निदान अचूक होते. बोअरच्या पाण्यातील बायकार्बोनेटमुळे द्रावणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) साडेसातच्या पुढे गेला होता. तो साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान असावा लागतो. त्याहून चढला की लोह पाण्यात असूनही मुळांच्या हाती लागत नाही. लिंबाच्या रसाने सामू उतरतो, पण त्यातले आम्ल जिवाणू खाऊन टाकतात आणि तीन-चार दिवसांत तो परत वर चढतो. शेवटी पातळ केलेले फॉस्फोरिक ॲसिड, हातमोजे घालून, थेंबाथेंबाने वापरले. ॲसिड नेहमी पाण्यात घालावे, ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये. मत्स्यपेटीच्या दुकानात मिळणारे सामू तपासण्याचे थेंब या कामाला पुरेसे होतात, महाग मीटरची घाई करू नये.

डब्यात उजेड शिरला की शेवाळ धरते, म्हणून बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्यावा, म्हणजे डबा तापतही नाही. पण एप्रिलच्या उन्हापुढे हा उपाय अपुरा ठरतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसात. आणि उष्णतेत मुळांची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. लेट्यूस कडवट होऊन फुलोऱ्यावर आला, मुळे तपकिरी आणि बुळबुळीत होऊन त्यांना वास येऊ लागला. ती सारी रोपे मी काढून टाकली, डबे ब्लीचच्या पातळ पाण्याने धुऊन उन्हात वाळवले आणि जुलैपर्यंत फक्त पुदिना ठेवला. तो कशालाच दबला नाही. ज्यांना या वर्षी प्रथमच हात घालायचा आहे त्यांनी दसऱ्यानंतर, पुदिन्याच्या कांड्यांपासून सुरुवात करावी.

पैशाचा हिशेब विचारला जातो. डबे, खत, मीटर मिळून पहिल्या वर्षी साडेतीन हजार रुपये गेले, आणि तेवढ्या पैशांत मंडईतून कितीतरी अधिक पालक आला असता. बचतीसाठी कोणी हे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. सकाळी तोडलेले पान अर्ध्या तासात ताटात येते, त्यावर काय फवारले आहे हे मला ठाऊक असते आणि सातवीतला माझा नातू मुळांना हवा का लागते हे न चुकता सांगतो, एवढ्यासाठी मला तो खर्च सार्थ वाटतो.

एक व्यवहाराची बाब उरली. पीक निघाल्यावर डब्यात चार-पाच लिटर द्रावण उरते. ते मोरीत ओतू नये. त्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट नाल्यातून मुठेत गेले तर तेथे जलपर्णीलाच पोसतात. मी त्यात तेवढेच साधे पाणी मिसळते आणि ते गॅलरीच्या कोपऱ्यातल्या कढीपत्त्याच्या कुंडीत, थोडे थोडे करून, आठवडाभर घालते. ती कुंडी मातीची आहे, आणि तिचा सामू मी आजवर एकदाही मोजलेला नाही.