खापरावरचं पूर्ण नाव

तळहातावर मावेल एवढं हे खापर. फुटक्या भांड्याचा तुकडा, त्यावर टोकदार कशानं तरी ओरखडलेलं नाव. मेगाक्लीस. आणि त्याच्या शेजारी, हिप्पोक्रॅटिसचा.

तो दुसरा शब्द नीट बघा.

प्राचीन अथेन्समध्ये कुणाला शहराबाहेर घालवायचं, हे लोक अशा खापरांवर नाव कोरून ठरवत. तिथल्या केरामाइकोस भागात 1966 ते 1969 च्या उत्खननात अशी साडेआठ हजारांच्या आसपास खापरं निघाली. जवळपास निम्म्यांवर मेगाक्लीस. पण कोणता? या घराण्यात आजोबा मेगाक्लीस, मुलगा हिप्पोक्रॅटिस आणि नातू पुन्हा मेगाक्लीस. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आपल्यालाही परकी नाही. म्हणून खापरावर बापाचं नाव लागतं. काहींवर गावही आहे: अलोपेकेथेन, म्हणजे अलोपेकेचा. आपल्या आडनावातला ‘कर’ जे सांगतो, तेच.

हा अगोरा, अथेन्सचा भर चौक. मतदानाच्या दिवशी इथं फळ्यांचं कुंपण घालत. दहा दारं, नागरिकांच्या दहा गणांसाठी. ज्याला शहराबाहेर घालवायचं त्याचं नाव कोरायचं, लिहिलेली बाजू खाली धरायची आणि आपल्या गणाच्या दारातून आत जायचं. एका गणाचं नावच ट्रॉयच्या युद्धातल्या एजॅक्स या वीरावरून पडलेलं. तो सालामिसचा, टेलामॉनचा एजॅक्स. ट्रॉयची राजकन्या कसांड्रा हिला अथीना देवीच्या मूर्तीपासून ओढून नेणारा एजॅक्स निराळा. तो लोक्रिसचा, ऑइलियसचा. होमरही दोघांना बापाच्या नावानंच वेगळं करतो.

अक्रॉपोलिस या अथेन्सच्या टेकडीच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या नेत्याच्या नावाची सुमारे 190 खापरं सापडली. अक्षर मात्र फक्त 14 हातांचं. कुणीतरी आधीच लिहून, वाटायला तयार ठेवलेली. निओक्लीसचा थेमिस्टोक्लीस. एवढ्या घाईतही बापाचं नाव गाळलेलं नाही.

किमान 6000 खापरं पडावी लागत. ज्याची सर्वांत जास्त, तो दहा दिवसांत शहराबाहेर, दहा वर्षांसाठी.

इ.स.पू. 487 मध्ये पहिला गेला हिप्पार्कस, खार्मसचा. इ.स.पू. 514 मध्ये ज्याचा खून झाला तो हिप्पार्कस हुकूमशहा पायसिस्ट्रॅटसचा मुलगा. खार्मसचा हिप्पार्कस त्याच घराण्याच्या नात्यातला. नुसतं हिप्पार्कस म्हटलं तर मेलेला आणि हद्दपार झालेला एकच होऊन बसतो.

आणि हे शेवटचं नाव. थ्युसिडिडीस, मेलेसियसचा. अथेन्सचा नेता पेरिक्लिस याचा कट्टर विरोधक, इ.स.पू. 443 च्या सुमारास याच खापरांनी बाहेर काढलेला. इतिहासकार थ्युसिडिडीस हा नव्हे. तोही वीस वर्षं शहराबाहेर राहिला, पण वेगळ्या कारणानं: सेनापती असताना अँफिपोलिस हे शहर हातचं गेलं म्हणून. त्या अपयशाची हकीकत त्यानं स्वतःच्याच ग्रंथात लिहिली आहे. तिथं पोचल्यावर तो ‘मी’ म्हणत नाही. लिहितो, थ्युसिडिडीस, ओलोरसचा मुलगा, ज्यानं हे लिहिलं.