शेवटच्या फेरीचा प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार. आज मी आपल्याशी इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफ हिच्याविषयी बोलणार आहे. तिने जिंकलेल्या शर्यतींची यादी मोठी आहे. मी मात्र तिने हरलेल्या एका शर्यतीपासून सुरुवात करतो.

३० सप्टेंबर २००० रोजी सिडनीच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर महिलांची दहा हजार मीटरची अंतिम शर्यत झाली. दहा हजार मीटर म्हणजे चारशे मीटरच्या पंचवीस फेऱ्या. त्यांतील बहुतेक फेऱ्या पॉला सर्वांच्या पुढे होती, आणि प्रत्येक पावलागणिक मान वरखाली हलवण्याची तिची लकब दूरदर्शनच्या पडद्यावरही लगेच ओळखू येत होती. प्रतिस्पर्धी एकेक करून मागे पडत गेल्या, पण तिघींनी तिची पाठ सोडली नाही. शेवटच्या फेरीत इथिओपियाच्या देरार्तू तुलू आणि गेटे वामी, आणि त्यांच्यामागोमाग पोर्तुगालची फर्नांडा रिबेरो, अशा तिघी तिला ओलांडून गेल्या. पॉलाने ३० मिनिटे २६.९७ सेकंदांत शर्यत पुरी केली. ही तिची तोवरची सर्वोत्तम वेळ होती, ब्रिटनचा राष्ट्रीय विक्रमही होता, आणि तरीही तिचा क्रमांक चौथा होता. आदल्या वर्षी सेव्हिलच्या जागतिक स्पर्धेत तिने अशीच शर्यत ओढत नेली होती आणि अखेरीस वामीने तिला मागे टाकून सुवर्णपदक नेले होते. सिडनीच्या पुढल्या वर्षी, २००१ साली, एडमंटनच्या जागतिक स्पर्धेत पुन्हा चौथा क्रमांक.

घरात बसून शर्यत पाहणाऱ्या कोणालाही प्रश्न पडेल, की ही बाई थोडा दम राखून का ठेवत नाही? इतरांच्या आडोशाने धावावे आणि शेवटच्या चारशे मीटरला झेप घ्यावी, हे शहाणपण तिला कोणी शिकवले नव्हते का? उत्तर सरळ आहे. तिच्याकडे ती झेपच नव्हती. शर्यत संथ गतीने चालली, तर अखेरीस वेगवान पायांच्या धावपटू जिंकणार हे ठरलेलेच होते. म्हणून तिच्या हाती एकच उपाय उरत होता: सुरुवातीपासून शर्यत इतकी जड करायची की शेवटच्या फेरीपर्यंत दुसऱ्या कोणाच्याही पायात झेप शिल्लक राहू नये. तिची सारी कारकीर्द म्हणजे या एका उणिवेवर शोधलेला उपाय आहे, असे मला वाटते.

पॉलाचा जन्म १७ डिसेंबर १९७३ रोजी चेशायर परगण्यातल्या डेव्हनहॅम या गावी झाला. वडील हौसेने मॅरेथॉन धावत. १९८५ साली लंडन मॅरेथॉनमध्ये नॉर्वेच्या इंग्रिड क्रिस्टियनसेनने २ तास २१ मिनिटे ६ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा अकरा वर्षांची पॉला ती शर्यत पाहायला गेली होती. पुढे कुटुंब बेडफर्डजवळ राहायला आले आणि ती तिथल्या क्लबात दाखल झाली. क्लबातले अ‍ॅलेक्स स्टँटन हे प्रशिक्षक तिला पुढची अनेक वर्षे, अगदी विश्वविक्रमापर्यंत, पुरले. चौदाव्या वर्षी तिला दमा असल्याचे निदान झाले, आणि तरीही धावणे सुटले नाही.

१९८६ साली मुलींच्या राष्ट्रीय क्रॉसकंट्री स्पर्धेत ती सुमारे सहाशे मुलींत २९९वी आली. पुढल्याच वर्षी त्याच स्पर्धेत तिचा क्रमांक चौथा होता. क्रॉसकंट्री हा ब्रिटिश हिवाळ्याचा खास खेळ आहे. त्यात आखलेली मार्गिका नसते आणि घड्याळाला फारसा अर्थ नसतो; गवताळ उतार, चढ, ओहोळ आणि चिखल यांतून वाट काढत, ढकलाढकली सोसत पुढे जायचे असते. धावपट्टीवर ज्या चपळ पायांचे कौतुक होते, ते पाय चिखलात निकामी ठरू शकतात. पॉलाला हा खेळ मानवला, यात आश्चर्य काहीच नाही. १९९२ साली बॉस्टनमध्ये बर्फाळ मार्गावर तिने कनिष्ठ गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले, आणि त्या शर्यतीत तिच्यामागे दुसरी आली ती चीनची वांग जुनशिया, जिने पुढच्याच वर्षी दहा हजार मीटरचा विश्वविक्रम केला.

वरिष्ठ गटात मात्र जागतिक विजेतेपदासाठी नऊ वर्षे थांबावे लागले. १९९७ साली तुरीनला आणि १९९८ साली मराकेशला तिला रौप्यपदक मिळाले. मग आले २००१. त्या वर्षीची जागतिक क्रॉसकंट्री स्पर्धा डब्लिनला व्हायची होती, पण गुरांमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ पसरल्यामुळे ती बेल्जियमच्या ऑस्टेंड गावी हलवावी लागली. तिथल्या मैदानाचा पावसाने पार राडा झाला होता. भातखाचरात चिखलणी करताना जसा पाय रुततो, तसे धावपटूंचे पाय रुतत होते. सात हजार सातशे मीटरच्या लांब शर्यतीत पॉला आणि गेटे वामी पुन्हा एकदा जोडीने शेवटाकडे आल्या, आणि या खेपेस, पाहणाऱ्यांच्या काळजाचे ठोके चुकवत, पॉलाने तिला तीन सेकंदांनी हरवले. दुसऱ्या दिवशी चार किलोमीटरची छोटी शर्यत होती. त्यात वामीने तिला अवघ्या एका सेकंदाने मागे टाकले. अंतर वाढले की पॉला, कमी झाले की वामी, हा हिशेब दोन दिवसांत इतक्या स्वच्छपणे मांडला गेला, की पुढचा मार्ग कोणता हे तिला वेगळे सांगायची गरज नव्हती. पुढल्या वर्षी स्पर्धा डब्लिनला झाली आणि तिथेही लांब शर्यत तिनेच जिंकली.

या मधल्या वर्षांत तिच्या शरीरात काय बदलले, याची नोंद शास्त्राकडे आहे. अँड्र्यू जोन्स या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी ती अठरा वर्षांची असल्यापासून तिच्या नियमित चाचण्या घेतल्या होत्या. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हा आकडा तिच्या बाबतीत किशोरवयातच असामान्य होता, आणि पुढे तो जवळपास तेवढाच राहिला. बदलली ती काटकसर. ठरावीक वेगाने धावताना तिला लागणारा प्राणवायू दहा-अकरा वर्षांत सुमारे १५ टक्क्यांनी घटला. गाडीचे इंजिन तेच राहिले, पण ती लिटरमागे जास्त अंतर कापू लागली, असे म्हणता येईल. वर्षानुवर्षे साठत गेलेल्या मैलांचा हा परिणाम होता, आणि या काटकसरीचा खरा लाभ जिथे मिळतो, ते अंतर बेचाळीस किलोमीटरचे असते.

१४ एप्रिल २००२ रोजी ती लंडनला आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावली आणि २ तास १८ मिनिटे ५६ सेकंदांत जिंकली. तेव्हाचा विश्वविक्रम फक्त नऊ सेकंद दूर होता. त्याच उन्हाळ्यात मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पाच हजार मीटरचे आणि म्युनिकच्या युरोपीय स्पर्धेत, भर पावसात, दहा हजार मीटरचे सुवर्णपदक तिने मिळवले. म्युनिकला तिची वेळ होती ३० मिनिटे १.०९ सेकंद, आणि दुसरी आलेली धावपटू पाऊण मिनिटाहून मागे होती. शेवटच्या फेरीचा प्रश्न त्या दिवशी उद्भवलाच नाही. १३ ऑक्टोबरला शिकागोमध्ये २ तास १७ मिनिटे १८ सेकंदांत तिने मॅरेथॉनचा विश्वविक्रम आपल्या नावे केला.

आणि मग १३ एप्रिल २००३ चे लंडन. २ तास १५ मिनिटे २५ सेकंद. हा आकडा नुसता ऐकून त्याचा अंदाज येत नाही, म्हणून असे सांगतो, की एक किलोमीटर तीन मिनिटे तेरा सेकंदांच्या आत, आणि हे सलग बेचाळीस वेळा, त्यावर आणखी थोडे अंतर. शिवाय शर्यतीचा दुसरा अर्धा भाग तिने पहिल्यापेक्षा जलद कापला. या शर्यतीत तिच्यासाठी पुरुष पेसमेकर, म्हणजे सोबत धावून ठरलेली गती राखून देणारे धावपटू, ठेवले होते, म्हणून पुढे, २०११ साली, आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने केवळ महिलांच्या शर्यतीतलीच वेळ विक्रम म्हणून धरण्याचा निर्णय घेतला. विरोध झाला, आणि अखेर दोन्ही प्रकारचे विक्रम वेगवेगळे नोंदवण्याचे ठरले. झालेल्या विक्रमाला आठ वर्षांनी नवा नियम लावणे हे मला तरी न्यायाचे वाटत नाही. आणि केवळ महिलांच्या शर्यतीचा विक्रमही तेव्हा तिच्याच नावावर होता.

ऑलिम्पिक पदक मात्र तिला कधीच मिळाले नाही. २००४ साली अथेन्सला तिच्याकडून सुवर्णपदकाची अपेक्षा होती. शर्यतीपूर्वी पायाला दुखापत झाली, त्यावर घेतलेल्या वेदनाशामक औषधांनी पोट बिघडले, त्यामुळे खाल्लेले अन्न अंगी लागेना, आणि त्या स्थितीत मॅरेथॉन गावापासून अथेन्सकडे संध्याकाळच्या भाजून काढणाऱ्या उकाड्यात धावायचे होते. छत्तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास ती थांबली, पुन्हा निघाली, पुन्हा थांबली आणि रस्त्याकडेला बसून रडू लागली. ते चित्र जगभर गेले. पाचच दिवसांनी ती दहा हजार मीटरला उभी राहिली आणि आठ फेऱ्या बाकी असताना बाहेर पडली. ब्रिटिश वृत्तपत्रांतून तिच्यावर माघारीचा शिक्का मारला गेला, तो निदान घाईचा होता, कारण नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये तीच पॉला केनियाच्या सुसान चेपकेमेईशी शेवटच्या मीटरांपर्यंत झुंजली आणि अवघ्या काही सेकंदांनी जिंकली. तेही शेवटच्या झेपेवर. पुढल्या वर्षी हेलसिंकीला ती मॅरेथॉनची जगज्जेती झाली.

२००७ च्या जानेवारीत तिला मुलगी झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तिने पुन्हा न्यूयॉर्क जिंकले. त्यानंतर मात्र दुखापतींनी तिचा पिच्छा सोडला नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये मांडीच्या हाडाला गेलेला तडा जेमतेम भरलेला असताना ती तेविसावी आली, आणि २०१२ साली घरच्या ऑलिम्पिकमधून पायाच्या दुखण्यामुळे तिला नाव मागे घ्यावे लागले. २०१५ साली तिने लंडनला निरोपाची मॅरेथॉन धावली, तीही क्लबांच्या साध्या धावपटूंबरोबर उभी राहून.

२ तास १५ मिनिटे २५ सेकंदांचा विक्रम सोळा वर्षे टिकला. १३ ऑक्टोबर २०१९ रोजी शिकागोमध्ये केनियाची ब्रिजिड कोसगेई जाड तळव्यांचे नव्या बनावटीचे बूट घालून २ तास १४ मिनिटे ४ सेकंदांत आली. सतरा वर्षांपूर्वी, याच शहरात, याच तारखेला, पॉलाने आपला पहिला मॅरेथॉन विश्वविक्रम केला होता. त्या सकाळी ती शेवटच्या रेषेपाशीच उभी होती, आणि कोसगेई आल्यावर पुढे होऊन तिने तिचे अभिनंदन केले.