सीना आणि सेनिओ

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याहून सोलापूरकडे येताना लांबोटीला गाडी थांबते ती चिवड्यासाठी. सीना नदीकडे कुणी फारसं बघत नाही. उन्हाळ्यात बघण्यासारखं असतंही काय म्हणा! ही सीना आपल्याकडे येते ती नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून. त्याच जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव, मराठा लाइट इन्फन्ट्रीतले साधे शिपाई, १९४५ साली इटलीत एका नदीवर लढले. नदीचं नाव सेनिओ. आपल्या सीनेची लांबची बहीण वाटावी असं.

त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे इंग्रज राजाचं पदक. सोलापुरात हे सांगताना जीभ जरा अडखळते. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला याच राजवटीने धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं. हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तरीही मी आज नामदेवांबद्दल बोलतो आहे, कारण त्या दिवशी ते नदीत पुन्हा पुन्हा उतरले ते कुणासाठी, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तारीख ९ एप्रिल. सेनिओच्या काठांना मातीचे उंच, उभ्या चढाचे बांध. बांधावर सुरुंग पेरलेले, आणि अलीकडच्याच बांधाच्या आतल्या, नदीकडच्या अंगाला जर्मनांच्या मशीनगन. तेवीस वर्षांचे नामदेव कंपनीचे रनर होते, म्हणजे निरोप्या. कंपनी कमांडरच्या मागोमाग ते पाण्यातून पलीकडे निघाले, आणि काठाला लागताच गोळीबार सुरू झाला. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. त्यांच्या टोळीतले बाकीचे सगळे जागीच गेले. धडधाकट उरले एकटे नामदेव.

त्यांनी एका जखमीला उचललं आणि खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून, तो उभा चढ चढून अलीकडे आणलं. मग दुसऱ्यासाठी परत गेले. पुराच्या दिवसांत सीनेच्या काठची निसरडी माती ज्यांनी तुडवली आहे, त्यांना अंगावर माणूस घेऊन तो चढ चढणं म्हणजे काय, हे कळेल. वरून तोफगोळे पडत होते ते वेगळेच.

एवढ्यावर थांबले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं. पण ते तिसऱ्यांदा गेले. जवळचं ठाणं टॉमीगनने गप्प केलं. तेवढ्यात हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना. ती फेकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. बॉम्ब संपत आले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर गेले, पलीकडच्या उतारावरच्या सोबत्यांकडून आणखी घेतले आणि परत फिरले. उरलेली दोन्ही ठाणी त्यांनी अशी संपवली. मग बांधावर उघड्यावर उभं राहून मराठा पलटणीची युद्धघोषणा देत, हात हलवत, उरलेल्या जवानांना नदीपार बोलावू लागले. तोफगोळे अजून पडतच होते.

त्याच दिवशी, त्याच नदीवर आणखी एका शिपायाने व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. अली हैदर, फ्रंटियर फोर्स रायफल्सचे.

इटलीतलं युद्ध २ मे रोजी थांबलं. नामदेव जाधव १९८४ पर्यंत हयात होते. नमस्कार.