गच्चीवरची स्ट्रॉबेरी आणि भाताचं पिंजर

श्रोते हो, नमस्कार.

दसरा तोंडावर आलाय. बाजारात रताळ्यांची पोती उतरायला लागली असतील, आणि पाऊस जातो जातो म्हणत अजून एखादी सर टाकून जात असेल. नेमक्या याच दिवसांत कुंडीत लावायचं एक रोप आहे, स्ट्रॉबेरीचं. आज त्याच्याबद्दल बोलणार आहे.

"स्ट्रॉबेरी महाबळेश्वरला जाऊन खायची, गच्चीवर नाही," असं मला माझ्याच घरात ऐकावं लागलं होतं. ते अगदीच खोटं नव्हे. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर, तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आपलं बेळगाव जेमतेम अडीच हजार फुटांवर. पण डिसेंबरात पहाटे टिळकवाडीत कानटोपी घालून फिरायला निघालेली माणसं बघा! दिवस लहान झाला आणि रात्री गार पडल्या, की हे झाड फुलावर येतं. एवढी थंडी आपल्याकडे नक्की पडते. आणि परकं म्हणाल, तर बटाटा, मिरची, रताळं तरी कुठे आपल्या आजोबांच्या आजोबांनी लावलेलं होतं? ती सगळी स्ट्रॉबेरीच्या पूर्वजांसारखीच अमेरिकेतून आलेली.

घरी लावायचं कारण चवीत आहे. आंबा काढून आढीत घातला की पिकतो. स्ट्रॉबेरी नाही पिकत. देठापासून तुटली त्या क्षणी तिची गोडी थांबली. नंतर रंग थोडा चढेल, साखर चढणार नाही. दूरच्या बाजाराचं फळ वाटेत नासू नये म्हणून पूर्ण लाल व्हायच्या आधीच काढावं लागतं. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. पण देठापर्यंत लाल झालेलं फळ उन्हात उभं राहून खायचं असेल, तर झाड दहा पावलांवर हवं.

आता माझी फजिती सांगते. पहिल्या वर्षी सहा रोपं आणली आणि सहाच्या सहा मारली. वांग्याचं रोप लावतात तशी मानेपर्यंत मातीत दाबून बसवली. स्ट्रॉबेरीच्या मुळांच्या वर आणि पानांच्या खाली एक बुटका, जाडसर गड्डा असतो. नवी पानं, फुलांचे दांडे, सगळं त्यातून निघतं. नर्सरीवाले त्याला क्राऊन म्हणतात. तो मातीखाली गेला तर कुजतो, फार वर राहिला तर मुळं उघडी पडून वाळतात. निम्मा आत, निम्मा बाहेर, असा बसवायचा. आणि पहिलं पाणी घातल्यावर पुन्हा बघायचं, कारण माती खाली बसते आणि रोप हलतं. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका.

माती कुठली घ्यायची, ते मला शेजारच्या कन्नड अज्जींनी सांगितलं. कुंपणावरूनच म्हणाल्या, "केंपु मण्णु हाकु." तांबडी माती घाल. स्ट्रॉबेरीला किंचित आंबट माती लागते, सामू (मातीचा आंबटपणा मोजणारा आकडा, पीएच) साडेपाच ते साडेसहा. खानापूरकडची जांभ्याची तांबडी माती त्या बाजूला झुकणारी. निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या काळ्या मातीत चुना जास्त. तिथे झाडाला लोह घेता येत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्या भागातल्या श्रोत्यांनी कुंडीपुरती एखादी बुट्टी तांबडी माती आणावी. दोन भाग ती माती, एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मूठभर निंबोळी पेंड. बास. चुलीची राख मात्र घालू नका. आपल्याकडे राख सगळ्याच झाडांना घालायची सवय, पण राखेनं माती उलट्या दिशेला जाते. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा जिथे होता ती मातीही नको, त्यांचा मर रोग स्ट्रॉबेरीला लागतो.

पाण्याचंही तसंच. राकसकोप धरणाचं नळाचं पाणी येत असेल तर प्रश्न नाही. बोअरचं पाणी खारट किंवा जड असेल तर पानांच्या कडा करपतात. खारेपणा या झाडाला अजिबात सोसत नाही.

कुंडी सहा ते आठ इंच खोल पुरते, मुळं उथळच असतात. पत्र्याचा तेलाचा डबा उन्हात तापतो, म्हणून मी मासळी बाजारातली थर्मोकोलची खोकी वापरते. त्यात मुळं गार राहतात. फक्त त्या खोक्यात मिठाचं पाणी मुरलेलं असतं, तेव्हा ती दोन दिवस पाण्यात बुडवून, धुऊन मगच घ्यायची. तळाला भोकं पाडायची. एका खोक्यात चार रोपं, त्यांच्यात आठ-दहा इंचांचं अंतर. ऊन निदान सहा तास.

दिवाळीच्या पुढे-मागे भाताची कापणी, मळणी होते. तेव्हा गावाकडून थोडं पिंजर, म्हणजे भाताचा वाळका पेंढा, मागून घ्या आणि रोपांभोवती पसरा. फळ ओल्या मातीला टेकलं की राखाडी बुरशी धरते. पिंजरावर ते कोरडं राहतं. पाणी सकाळी, बुडाशी, पानांवर नको.

लावल्यावर आलेली पहिली फुलं खुडून टाका. जीव तुटतो, पण झाड आधी भरू द्यावं लागतं. पुढच्या फुलांवर मधमाशी फिरायला हवी. स्ट्रॉबेरीवरच्या ज्या बारीक बिया दिसतात, ती खरी फळं. लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला देठ. ज्या बाजूच्या बियांना पराग मिळाला नाही, ती बाजू फुगतच नाही आणि फळ वाकडं होतं. माझ्या शेजघरातल्या गॅलरीत जाळी असल्यानं मधमाशी येत नाही. तिथे मी चित्रांचा मऊ ब्रश फुलावर गोल फिरवते. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत साधारण महिना जातो. एका रोपाकडून किलोकिलोची आशा धरू नका. वाटीभर मिळालं की मी खूश असते. बुलबुलाला आपल्याआधी कळतं, म्हणून फळ लाल व्हायला लागलं की जुनी मच्छरदाणी टाकायची.

मार्च तापला की फळं बारीक होतात, आणि झाड लांब दोरे सोडायला लागतं. रताळ्याचा वेल कसा मातीला टेकेल तिथे मुळं धरतो, तसेच हे. दोऱ्याच्या टोकाचं पिल्लू छोट्या कुंडीत टेकवा, मुळं धरली की दोरा कापा. एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली, आणि पावसाळ्यात पागोळ्या पडणार नाहीत अशी जागा. आपल्या पावसात उघड्यावर ठेवलेली माझी सगळी पिल्लं एका आषाढात कुजली होती. वाचलेल्यांतली दोन अज्जींकडे गेली, आता त्यांच्या कुंपणापलीकडे माझ्यापेक्षा जास्त फळं लागतात.

यंदासाठी बाजारात चार खोकी सांगून ठेवली आहेत. उद्या आणून भिजत घालायची आहेत.

नमस्कार.