कधी घेते, कधी घेत नाही

(काळा पडदा. चावी फिरल्याचा आवाज. ‘टक’. मग काहीच नाही.)

अजिबात स्टार्ट न होणारी गाडी त्या मानाने सोपी. दोष सापडेपर्यंत ती आहे तशी उभी राहते. कस लागतो तो सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होणाऱ्या, दुपारी दगा देणाऱ्या आणि गॅरेजमध्ये आणली की पुन्हा सुतासारखी सरळ चालणाऱ्या गाडीपुढे.

मग अंदाज सुरू होतात. आधी बॅटरी बदलली जाते, मग प्लग, मग पंप. दोष मुळात अधूनमधून येणारा, त्यामुळे प्रत्येक बदलानंतर गाडी चार दिवस नीट चालते आणि त्याचं श्रेय नव्या पार्टला मिळतं. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. यात पैसा जातोच, पण गाडीवरचा भरवसाही जातो. रात्री-अपरात्री ती घेईल की नाही, या धास्तीने माणूस प्रवासच टाळायला लागतो.

म्हणून पहिलं सांगणं हे, की गाडी स्टार्ट होत नाही तो क्षण वाया घालवू नका. चिडून सेल्फ मारत राहण्याआधी ऐका आणि बघा. इंजिन गार होतं की गरम? गाडी बंद करून किती वेळ झाला होता? पाऊस होता का? टाकीत इंधन किती होतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, सेल्फ मारल्यावर इंजिन फिरलं का? या एका उत्तराने अर्धी गाडी संशयातून बाहेर पडते. इंजिन फिरतच नसेल, तर पेट्रोल आणि प्लगकडे तूर्त बघायची गरज नाही.

(बॅटरीचं टर्मिनल, अगदी जवळून.)

इंजिन फिरत नाही, तेव्हा कान उघडे ठेवा. भराभर ‘टकटकटक’ असा आवाज आला, तर स्टार्टरला करंट कमी पडतोय. एकच दणकट ‘टक’ आला आणि दिवे फारसे मंद झाले नाहीत, तर स्टार्टरच्या आतले कॉन्टॅक्ट किंवा ब्रश झिजल्याचा संशय घ्यायचा. काहीच आवाज नसेल, तर इग्निशन स्विच, रिले, क्लच किंवा गिअरचा सेफ्टी स्विच यांच्याकडे वळायचं.

आता हे टर्मिनल पाहा. वरून स्वच्छ आहे, क्लॅम्प घट्ट आहे. पण क्लॅम्प काढला की आतल्या बाजूला काळपट राखाडी थर दिसतो. घड्याळ आणि रेडिओला लागणारा करंट या थरातून सहज जातो. स्टार्टरला मात्र शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त लागतात. दीडशे अँपिअर वाहत असताना वाटेत ओहमचा फक्त शंभरावा भाग जरी अडथळा असला, तरी दीड व्होल्ट तिथेच खाल्ला जातो. मल्टीमीटरवर ‘वायर चालू आहे’ असं दाखवणारी बीप इथे फसवी ठरते, कारण केबलच्या शेकडो तारांपैकी एकच शिल्लक असली तरी बीप वाजते.

म्हणून केबल तपासायची ती लोडवर, म्हणजे तिच्यातून स्टार्टरचा करंट वाहत असताना. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, इंजिन सुरू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. आकडा 0.2 व्होल्टच्या आसपास राहिला, तर अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतायची वाट, ठीक. तो एकच्या पुढे गेला, तर दोष त्या वाटेवरच आहे. मग नवी बॅटरी टाकूनही तो तसाच राहणार.

बॅटरीची परीक्षाही अशीच. पूर्ण चार्ज असलेली बारा व्होल्टची बॅटरी विश्रांतीत सुमारे 12.6 दाखवते, पण मरणपंथाला लागलेली बॅटरीही तोच आकडा दाखवू शकते. सेल्फ मारताना व्होल्टेज 9.6 च्या खाली जातं का, ते बघा.

(आरपीएमचा काटा. सेल्फचा आवाज सुरूच.)

दुसरी तऱ्हा : सेल्फ जोमाने फिरतो, पण इंजिन घेत नाही. इथे उष्णता हा मोठा धागा आहे. लांबून आलेली गाडी बंद केली, पंधरा-वीस मिनिटांनी सेल्फ मारला तर घेत नाही. तासाभराने जणू काही झालंच नव्हतं. असं असेल, तर क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय का हे ओळखणारा सेन्सर, पहिला संशयित. इंजिन बंद झालं की पाणी आणि वारा दोन्ही थांबतात आणि बॉनेटखालची उष्णता काही काळ उलट वाढते. सेन्सरच्या आतली बारीक तार तापून प्रसरण पावते, जोड सुटतो. गार झाला की पुन्हा टेकतो. गाडीच्या संगणकातली माहिती दाखवणारा स्कॅनर लावून सेल्फ मारा. इंजिन फिरतंय हे कानाला कळतं, तिथे साधारण दोनशे आरपीएम दिसायला हवा. शून्य दिसला, तर इंजिन फिरतंय हे ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या त्या संगणकाला, कळतच नाहीये, मग तो ठिणगी आणि इंधन देणार कसं? स्कॅनरवर दोषाचा कोड नाही म्हणून सेन्सरला निर्दोष मात्र ठरवू नका.

गारठ्यात त्रास होत असेल, तर वेगळं बघायचं. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. कूलंट सेन्सर पहाटे ऐंशी अंश सांगत असेल, तर ईसीयू गरम इंजिनला पुरेल एवढंच इंधन देतो. डिझेल गाडीत आधी हीटर प्लग आणि इंधनाच्या लाइनमध्ये धरलेली एअर बघायची.

गाडी बराच वेळ उभी राहिली की नंतर फार वेळ सेल्फ मारावा लागतो? चावी ऑन करून पंपाचा दोन-एक सेकंदांचा आवाज ऐका, ऑफ करा, पुन्हा ऑन करा. दोन-तीनदा असं केल्यावर पटकन स्टार्ट झाली, तर लाइनमधलं प्रेशर मागे उतरतंय.

इमोबिलायझरचा, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लुकलुकत असेल, तर दुसरी चावी वापरून पाहा. आणि वायरिंगवर शंका असेल, तर इंजिन चालू ठेवून एकेक कनेक्टर हलक्या हाताने हलवा. इंजिन अडखळलं की जागा सापडली.

(मेकॅनिक नवा सेन्सर बसवून बॉनेट बंद करतो.)

पार्ट बदलला आणि गाडी स्टार्ट झाली, एवढ्यावर काम संपत नाही. ती एरवीही स्टार्ट होतच होती. गरम असताना दगा देत होती ना? मग चांगली तापेपर्यंत चालवा, बंद करा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि स्कॅनर जोडलेला ठेवूनच सेल्फ मारा. पहाटे त्रास होता, तर रात्रभर उभी ठेवून पहाटेच तपासा. मालकाच्या हातात चावी त्यानंतर द्यायची.